चार्जरचं बटण

सासऱ्यांचं आणि चालू बटणाचं हाडवैर. सारा जन्म वायरमनकीत गेलेला, त्यामुळे कुणी खोलीतून उठायचा अवकाश, की ते जाऊन बटण बंद करणार.

सूनबाईचं रडगाणं वेगळंच होतं. बाळ झाल्यानंतर पहिल्यांदाच तिच्याकडे व्हिडिओ एडिटिंगचं काम चालून आलं होतं. दुपारी स्टुडिओच्या बाई ऑनलाइन बसून तिच्या हातची सफाई बघणार. जमलं तर काम तिचं, नाहीतर दुसरीचं. आणि लॅपटॉपनं नेमकं आत्ताच अंग काढून घेतलेलं. बाळ रडलं की ती लॅपटॉपचं झाकण मिटायची, तो झोपायचा, आणि उठवला की नुसती गोगलगाय.

लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स घालून देणारी नणंद फोनवर होती. "वहिनी, प्रोसेसरचा वेग बघ."

वेग तळाला चिकटलेला. सेटिंग बदलून पाहिलं, तरी ढिम्म. रीस्टार्ट केला की मात्र शहाण्यासारखा चालायचा.

"दर वेळी होतं?"

"परवा नाही झालं. परवा बाबा दिवसभर बाहेर..." ती बोलता बोलता थांबली.

मग दोघींनी करून पाहिलं. चार्जरचं बटण चालू ठेवून झोपवला, तर उठला तो टुणटुणीत. झोपवून बटण बंद केलं आणि उठवल्यावर चालू केलं, तर पुन्हा गोगलगाय.

"झोपेत वीज गेली की त्याला चार्जर कमजोर वाटतो, म्हणून वेग दाबून बसतो," नणंद म्हणाली. "बाबांना तूच सांग बाई, माझी नाही छाती."

तिनं सांगितलं. सासऱ्यांचा चेहरा पडला. "म्हणजे मीच तुझा खोळंबा करत होतो."

"तुम्हाला काय माहीत, बाबा? मला तरी कुठे कळलं होतं?"

ते उठून आत गेले. तिला फार वाईट वाटलं.

दुपारी काम ऐन रंगात आलेलं असताना बाळानं भोकाड पसरलं. तिनं सवयीनं झाकण मिटलं आणि कपाळावर हात मारून घेतला. मीटिंग तुटली, आता बाबांचा हात बटणावर पडला असेल तर वेगही गेला असणार. बाळाला उचलून ती धावत परतली.

सासरे बटणाला पाठ लावून खुर्चीत ठाण मांडून बसले होते. "दे पोरीला इकडे. तू तुझं बघ."

तिनं झाकण उघडलं. लॅपटॉप पहिल्यासारखाच पळत होता. तिनं पुन्हा मीटिंग जोडली, माफी मागितली, राहिलेलं काम सफाईनं उरकलं.

"पुढचा भागही तुम्हीच करा," बाई म्हणाल्या.

तिनं वळून पाहिलं. नात मांडीवर झोपली होती. समोर न्हाणीघरातला दिवा भर दुपारी उगाच जळत होता. सासरे त्याच्याकडे एकटक बघत होते, पण खुर्चीवरून काही उठले नाहीत.