मांगूर

"अजून हातभर चढलं की बांध बुडाला," सुजित म्हणाला. वरच्या धरणातून पाणी सोडलं होतं. निघोज्याच्या शिवारात इंद्रायणी भरदुपारी त्याच्या मत्स्यतळ्याच्या बांधाला धडका देत होती.

"मग जाऊ द्या की मासे नदीत," त्याची बायको स्वप्नाली म्हणाली. "पुरात गेले म्हणायचं. कुणाला कळतंय?"

लातूरहून येऊन चाकणच्या कंपनीत सुजितनं उमेदीची वर्षं घातली. लाईन बंद होऊन काम गेलं तेव्हा दोघांनी हे तळं भाड्यानं घेतलं. मत्स्यबीज विकणाऱ्यानं देशी मागूर म्हणून पिल्लं गळ्यात मारली. मासे वाढले तेव्हा शेजारच्या चिमाबाई भोईणीनं ओळखलं, हा परदेशी मांगूर. बंदी असलेला, दिसेल ते गिळणारा. तरी एवढी खेप विकू, मग बघू, म्हणून सुजित गप्प बसला होता.

आता चिमाबाई बांधावर येऊन उभी होती.

"वरच्या डोहात खडस मासा अजून हाय, बाबा. लई थोडा उरलाय. ह्यो राकुस तिथं शिरला, तर खडसाचं पिल्लू ऱ्हायचं न्हाई."

"आणि आमचं काय राहणार, मावशी?" स्वप्नालीचा आवाज चिरकला.

चिमाबाईनं लुगडं वर खोचलं आणि जाळ्याचं एक टोक उचललं. सुजितनं पाण्यात उतरून दुसरं धरलं.

तळं कमरेएवढंच होतं. दोघं जाळं ओढत, टब भरत, आणि सुजित तो घरामागं संडासासाठी खणलेल्या खड्ड्यात नेऊन ओतत होता. पण मांगूर पाण्याबाहेरही मरत नाही. टबातून निसटलेले मासे चिखलातून वळवळत थेट नदीची वाट धरत. सुजित गुडघ्यांवर त्यांच्यामागं रांगे. माशांचे काटे शिरून त्याचे तळहात रक्ताळले.

एक मोठा मासा त्याच्या हातून सुटला आणि बांधाच्या कडेला पोचला.

"स्वप्ना!"

रागानं ओसरीवर जाऊन बसलेली स्वप्नाली धावली. पाण्यापासून वीतभर अंतरावर तिनं तो अंगाखाली दाबून धरला. उठली तेव्हा ती रडत होती. पण मासा सोडला नव्हता.

शेवटच्या दोन खेपांना जाळं रिकामं आलं. तोवर नदीचं पाणी बांधावरून आत ओघळू लागलं होतं.

तळ्यासाठी आणलेली चुन्याची पोती स्वप्नालीनंच खड्ड्यात फोडली. सुजितनं खड्ड्यावर माती लोटली. दोघी घराकडं वळल्या.

खड्ड्यावरची माती हलत होती. ती थांबेपर्यंत सुजित तिथंच उभा राहिला.