नडगीवरचा अंगठा

जेवणाची सुट्टी झाली होती, पण आमच्या गोदामाच्या कँटीनमध्ये त्या दिवशी कुणीही जेवत नव्हतं. टेबलं भिंतीकडे सारलेली होती आणि पन्नासएक माणसं एका पायाची पँट गुडघ्यापर्यंत गुंडाळून रांगेत उभी होती. रांगेच्या तोंडाशी खुर्चीत, अंगावरचे बिंदू दाबून आजार सांगणारे बिंदूगुरू बसले होते. अंगात पांढरा कोट, हात मोकळे.

"सुई नको, मशीन नको, रिपोर्ट तर नकोच नको! तोंड खोटं बोलेल, नडगी बोलणार नाही. सगळ्या अवयवांच्या तारा इथे येऊन मिळतात."

पहिला नंबर लंबूचा. चाळीस किलोचं खोकं एका दमात खांद्यावर घेणारा आमचा हमाल. गुरूंनी घोट्याच्या वर चार बोटं मोजली, नडगीच्या आतल्या कडेला अंगठा रोवला, आणि लंबू अक्षरशः किंचाळला.

"यकृत," गुरू शांतपणे म्हणाले. "पितोस?"

"कधीतरी… लग्नात वगैरे."

"बघा!"

मागचे लोक टाचा उंचावून बघू लागले. मग गुरूंनी पाच मिनिटं तीच जागा हलक्या हाताने चोळली, ओठांत काही पुटपुटले, पुन्हा अंगठा टेकवला. "आता?"

"कमी आहे! खरंच कमी आहे हो!"

टाळ्या पडल्या. नऊ बैठकांत यकृत धुऊन निघेल, असं गुरूंनी जाहीर केलं.

आता नडग्या दुखत होत्या हे खोटं नव्हतं. तीन महिन्यांपूर्वी आम्ही या नव्या इमारतीत आलो, तेव्हापासून निम्म्या लोकांचे पाय ठणकत होते. का ठणकतात, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. जिथे उत्तर नसतं तिथे असा माणूस खुर्ची टाकून बसतो.

मी वजनकाट्यावर बसते. पार्सल ठेवायचं, आकडा बघायचा, चिठ्ठी चिकटवायची. माझी थोरली बहीण, ताई, मांडण्यांमधून माल गोळा करते, म्हणजे दिवसभर चालते. घरात आम्ही दोघीच. ताईला पूर्वी फिट यायची. रोजच्या गोळीने अकरा वर्षं एकदाही आली नव्हती. गोदामात हे माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. "कळलं तर घरी बसवतील गं," एवढंच ती म्हणायची.

तिची पाळी आली. अंगठा रुतला, ताईने डोळे गच्च मिटले. गुरू तिच्या कानाशी वाकले. "गोळी कसली घेतेस, बाई?"

ताईचा चेहरा पांढराफटक पडला. याला कसं कळलं? मलाही घाम फुटला. चाळिशी ओलांडलेल्या दहा माणसांना हाच प्रश्न विचारला तर सहा-सात जण दचकतील, हे मला पुष्कळ उशिरा सुचलं.

"तीच गोळी साचून पायात उतरलीय," गुरू म्हणाले. "विष आहे ते. वर चढायच्या आत थांबव."

मी चिडून पुढे झाले. "माझा पाय तर दुखतही नाही. दाबा बघू!"

त्यांनी दाबलं. डोळ्यांत पाणी आलं माझ्या.

"मूत्रपिंड. डावं. न दुखता पोखरणारा आजार सगळ्यांत वाईट."

आमची आई मूत्रपिंडाच्याच आजाराने गेली. मी हसून उठले खरी, पण त्या दुपारी तीन पार्सलांवर चुकीची चिठ्ठी चिकटवली.

त्यानंतरच्या आठवड्याबद्दल सांगायला लाज वाटते. मी स्वतःला शहाणी समजणारी. पण सकाळी उठलं की पलंगाच्या कडेवर बसून पहिल्यांदा नडगी दाबायची. दुखली की पुन्हा दाबून बघायची. बसमध्ये दाबायची, संडासात बसून दाबायची. दाबून दाबून तिथे निळा डाग पडला, मग तर बोट लावलं तरी कळ यायची. मला वाटलं, वाढतंय. पाण्याचा घोट घेतानाही मी डाव्या कुशीकडे लक्ष देऊन बसायचे. ताईही दाबत होती. आम्ही एकमेकींना विचारत नव्हतो, कारण उत्तराची भीती होती.

गोळी बंद केल्याचं ताईने मला सांगितलंच नाही.

सहाव्या दिवशी, पहिल्याच तासाला, मांडण्यांमधून खोकी कोसळल्याचा आवाज आला. मी धावले. ताई फरशीवर पडली होती. दातखीळ बसलेली, हातपाय झटके देत होते, ओठांच्या कोपऱ्यातून फेस. डोकं लोखंडी खांबापासून वीतभर अंतरावर आपटलं होतं. लोक गोल करून उभे, कुणी पुढे येईना. "विष वर चढलं!" कुणीतरी ओरडलं, आणि एका क्षणासाठी, देवाशप्पथ, मलाही तेच वाटलं. मी तिला कुशीवर वळवलं, डोक्याखाली माझा स्वेटर सारला आणि हाका मारत राहिले. ती दोन मिनिटं मला दोन वर्षांसारखी गेली.

मी ताईच्या फिटचं सांगताच दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "गोळी कधीपासून बंद आहे?"

शुद्धीवर आलेल्या ताईने भिंतीकडे तोंड केलं. "सहा दिवस."

बाई रागावल्या नाहीत. तिच्या नडगीवरचे निळे डाग बघून म्हणाल्या, "हे कुणी केलं?" मी सगळं सांगितलं, माझ्या मूत्रपिंडासकट. त्यांनी स्वतःचा पाय स्टुलावर ठेवला, त्याच जागी अंगठा दाबला आणि तोंड वेडंवाकडं केलं. मग दाराशी उभ्या असलेल्या नर्सला म्हणाल्या, "सिस्टर, तुम्ही तुमची दाबा बरं." नर्स "आई गं!" करून हसली.

"इथे हाडावर मांस जवळजवळ नाहीच," बाई म्हणाल्या. "हाडावरच्या पातळ आवरणात संवेदना भरपूर. जोरात दाबलं की धडधाकट माणसालाही दुखतं. मूत्रपिंडाची शंका असेल तर लघवी आणि रक्त तपासू. अंगठ्याने ते कळत नाही."

तपासलं. काही निघालं नाही. रिपोर्ट हातात धरून मी जिन्यात बसले आणि रडले.

"मग त्याने चोळल्यावर कमी कसं होतं?" मी बाईंना विचारलं होतं.

"दुसऱ्या वेळी तो किती जोरात दाबतो, ते बघितलंस?"

जोर मोजायचा म्हटल्यावर मला दुसरं काय सुचणार?

पुढच्या बैठकीला मी रांगेत पहिली होते. पाय ठेवायच्या स्टुलावर मी माझा चपटा काटा ठेवला आणि वर चादर टाकली. या काट्याचा आकडे दाखवणारा डबा लांब वायरीने जोडलेला असतो. तो मी गुरूंच्या पाठीमागे उभ्या असलेल्या लंबूच्या हातात दिला. लंबू गुरूंचा भक्त. "खरं असेल तर खरंच ठरेल," एवढंच तो म्हणाला. मी पाय आडवा पसरून पोटरी काट्यावर टेकवली, त्याने आकडा शून्यावर घेतला.

गुरूंनी दाबलं. मी कळवळले.

"अकरा किलो!" लंबू वाचून गेला. गुरूंना वाटलं, कुठल्या तरी पार्सलचं बोलतोय.

पाच मिनिटं चोळणं, पुटपुटणं. पुन्हा अंगठा. "आता? हलकं झालं ना?"

"झालं," मी म्हणाले. "लंबू, किती?"

लंबूने डबा डोळ्यांजवळ नेला. "तीन."

मी चादर ओढली. गुरू खुर्चीतून अर्धवट उठले.

"ऊर्जा… ऊर्जा काट्यावर मावत नाही, मूर्ख पोरी!"

"मग पुन्हा अकरा दाबा."

त्यांनी हात मागे घेतला. शेवटी लंबूच पुढे आला आणि आकड्यावर नजर ठेवून माझ्या नडगीवर अंगठा टेकवला. आठ, दहा, अकरा. "आई गं!" मी ओरडले. दुखणं आधीएवढंच होतं. मग कँटीनच्या आचाऱ्याने स्वतःची नडगी दाबली, मुकादमाने दाबली, जिला कधी साधं पडसंही झालं नव्हतं त्या कारकून मुलीने दाबली. चहूकडून "आई गं, आई गं!"

"या सगळ्यांची यकृतं एकाच दुपारी बिघडली का हो?" लंबूने विचारलं. उत्तर द्यायला गुरू खुर्चीत नव्हते.

नडग्या का ठणकत होत्या, तेही डॉक्टरीणबाईंनीच आमच्या कामाची चौकशी करून सांगितलं. जुन्या गोदामात लाकडी फळ्यांची जमीन होती, इथे कडक सिमेंट. त्यात चालणं दुप्पट आणि बुटांचे तळ झिजलेले. मुकादमाने रबरी पट्ट्या अंथरल्या, पाळ्या बदलल्या. महिन्याभरात बहुतेकांचे पाय निवळले. एका बाईचा एकच पाय सुजून गरम झाला होता, शिरेत रक्ताची गुठळी निघाली; तिला डॉक्टरांनी ताबडतोब दाखल करून घेतलं. नऊ बैठकांची वाट बघत बसली असती तर काय झालं असतं, याचा विचारही नको.

गेल्या आठवड्यात कळलं, बिंदूगुरूंनी रस्त्यापलीकडच्या कारखान्यात खुर्ची टाकली आहे. ताई ऐकून घेत होती. दुसऱ्या दिवशी पाळी सुटताना ती एकटीच त्या फाटकाशी जाऊन उभी राहिली. मी मागून पोचले तेव्हा तिचा आवाज सगळ्यांना ऐकू जात होता.

"मला फिट येते," ती अनोळखी बायकांना सांगत होती. "अकरा वर्षं लपवलं, आज सांगते. याच्या अंगठ्याला भिऊन मी गोळी सोडली आणि मरता मरता वाचले. पाय दुखतो ना तुमचा? दुखत असेल, मी नाही म्हणत नाही. पण का दुखतो ते तपासून सांगेल त्याच्याकडे जा. आणि तो दाबायला लागला, तर आधी त्याला म्हणा, तुझी स्वतःची नडगी दाबून दाखव."