राणी रक्तमालिनीचा गुलाबी फ्रॉक

मी लिहिलेल्या नाटकातली राणी रक्तमालिनी नऊ वर्षं झाडीपट्टीला रडवत होती. पोटच्या पोराचा बळी देऊन ती हसायची, तेव्हा मंडपातल्या बाया लेकरांना पदराखाली घ्यायच्या. आणि दोन हजार चार साली आमच्या नाटक कंपनीचे मालक हेमराजभाऊ वडशात केबलवर जपानी कार्टून बघून आले. त्यात म्हणे शाळकरी पोरगी गिरकी घेते, कपडे बदलतात, हातात छडी येते, राक्षस पळतात.

"देवाजी, आपल्या राणीचं लहानपण लिव. हसवणारं! गुलाबी फ्रॉक, जादूची छडी. पोट्टे पागल होतीन."

"राणी पोराले मारते, भाऊ!"

"ते मोठी झाल्यावर. हे चाललं तं जुनं बंद."

म्हणजे माझ्या राणीचा गळा मीच आवळायचा. दातओठ खात लिहिलं. विनोद मात्र झकास जमले, खोटं कशाला बोलू!

राणीचं काम करायची बेचाळिशीची रुखमाबाई. तिला बशीर टेलरनं फ्रॉक शिवला. तो घालून ती मला म्हणाली, "जावयाले तोंड कसं दाखवू, भाऊ?"

आमच्याकडे तालमीचे लाड नाहीत. रंगमंचापुढच्या खड्ड्यात मुखरू प्रॉम्प्टर वही घेऊन बसतो. तो सांगेल ते नटानं बोलायचं.

दिवाळीनंतर गावात मंडईची जत्रा भरते, तिथं प्रयोग लागला. रुखमाबाईनं गिरकी घेतली, साडी सुटली, आतून फ्रॉक निघाला. मंडप खो खो हसला. मला बघवेना. मी चहाच्या ठेल्यावर जाऊन बसलो.

परत आलो तर मंडप चिडीचूप. फ्रॉकातली रुखमाबाई छडी सुऱ्यासारखी धरून म्हणत होती, "ये बाळा, आज आई तुला शेवटचं निजवते." माझी जुनी वाक्यं! बाया लेकरांना पदराखाली घेत होत्या. हेमराजभाऊ उपरण्यानं डोळे पुसत होते. गुलाबी फ्रॉकात राणी कधी नव्हे इतकी भयंकर दिसत होती. माझी छाती फुगली.

पडदा पडताच मी मुखरूला मिठी मारली. "बरं झालं बाबा, वही चुकली! राणी वाचली."

"वही कुठी चुकली?" त्यानं हातातली जुनी वही मिटली आणि बुडाखालची नवी काढून दाखवली. "पयले तुमची नवीच वाचून राह्यलो होतो. फ्रॉकले हसले, तेवढंच. मंग पंधरा पानं कोणी दात नाई दाखवला. लोकं उठून चालले होते. बाई घामानं वल्लीचिंब. खाली वाकून मले म्हणे, मुखरू, काहीबी सांग, पण देवाजीभाऊचा विनोद नको सांगू."