चव तुझी, हिशोब माझा

सहा पांढरे कप, सहा बश्या, चार चमचे आणि चार माणसं. प्रत्येक कपाच्या तळाला बाहेरून चिठ्ठी चिकटवलेली होती. कप उलटा केल्याशिवाय चहाचं नाव कळू नये म्हणून. तिने पाचवा कप ओढला, चमचाभर चहा सुर्रकन तोंडात घेतला, जिभेवरून फिरवला आणि दातांच्या दवाखान्यातल्या खुर्चीला जोडलेल्या छोट्या बेसिनमध्ये थुंकला.

"बोला, नाकाबाई," शिंपीकाका म्हणाले.

तिने काकांच्या भुवयांकडे पाहिलं, मग ताईच्या ओठांकडे, मग डॉक्टरांच्या चष्म्याकडे. तिघंही तिच्या उत्तराची वाट बघत होते.

डॉक्टर दंतवैद्यकीतून निवृत्त झाले तेव्हा दवाखान्यातलं बाकी सगळं विकलं गेलं, खुर्ची तेवढी कोणी घेईना. तिच्याभोवती मग दर रविवारी चहाच्या शौकिनांची बैठक भरायला लागली. कोणीतरी नव्या स्वादाचा चहा आणायचा आणि सगळ्यांनी मिळून तो ओळखायचा. नियम दोनच. चहा गिळायचा नाही. आणि 'माहीत नाही' म्हणायचं नाही.

"कुठला दात दुखतोय विचारल्यावर 'माहीत नाही' म्हणणारा पेशंट मी आयुष्यात पाहिला नाही," डॉक्टर म्हणायचे. "बोट दाखवायचंच. चुकलं तर चुकलं."

तिचं बोट कधी चुकलं नव्हतं. तीन वर्षांपूर्वी ताई तिला इथे घेऊन आली आणि पहिल्याच दिवशी तिने एका चहातली दोन वेगवेगळ्या फळांची सालं ओळखली. तेव्हापासून ती नाकाबाई. त्या नाकाच्या भरवशावर ताईने शाळेतली नोकरी सोडली, चहाचं दुकान भाड्याने घेतलं आणि पाटीही रंगवून घेतली. "चव तुझी, हिशोब माझा," ताई येईल त्याला सांगायची. उद्या सकाळी नाकाबाईने पाण्याच्या प्रयोगशाळेतल्या नोकरीचा राजीनामा द्यायचा आणि दुपारी भागीदारीवर सही करायची, असं ठरलं होतं.

थंडीत तिला ताप आला होता. ताप उतरला. पुढच्या आठवड्यात प्रयोगशाळेत कोणाकडून तरी नाल्याच्या पाण्याची बाटली उघडी राहिली. सगळे नाकाला रुमाल लावून बाहेर पळाले आणि ती त्याच टेबलाशी बसून सँडविच खात राहिली. कानानाकाचे डॉक्टर म्हणाले, वास येईल परत, किंवा नाही येणार, वाट बघा. ती वाट बघत होती. तोवर दुकानाची पाटी वाळली होती.

रविवार तिने कसेबसे निभावले होते. पुदिना जिभेला गार लागतो, आलं चुरचुरतं, लिंबू गालाच्या आतून ओढतं, दालचिनीने टाळू कोरडी पडते. या चार चवींना नाक लागत नाही. बाकीच्यांसाठी ती इतरांचे चेहरे वाचायची. गुलाब असला की शिंपीकाकांचे डोळे आपोआप मिटतात, हे तिने हेरून ठेवलं होतं. आत्ताही ते मिटले होते, म्हणजे हा गुलाब.

तिने चमचा बशीत ठेवला.

"व्हॅनिला," ती मुद्दाम म्हणाली.

काकांनी डोळे उघडले. पुन्हा एक चमचा घेतला. मान डोलावली. "हां. मागून येतोय बघा. आधी कसं लक्षात आलं नाही!"

"मला तर आधीच वाटलं होतं," ताई म्हणाली.

डॉक्टरांनी कप उलटा करून चिठ्ठी वाचली, आणि चष्मा कपाळावर सरकवला. "इथे तर गुलाब लिहिलंय."

तिने काकांकडे पाहिलं.

"भेसळ," शिंपीकाका म्हणाले. "सरळ भेसळ आहे. हिने पकडली म्हणून, नाहीतर आपल्याला काय कळणार होतं!"

"उद्याच चहा विकणाऱ्या त्या माणसाला फोन करते," ताई म्हणाली.

"भेसळ नाहीये," ती म्हणाली. "गुलाबच असेल. मला वास येत नाही. थंडीपासून. कशाचाच."

शिंपीकाका हसले. ताईही हसली, मग थांबली.

"चिंगे, काहीतरी बोलू नकोस."

"खरं सांगतेय, ताई."

"मग गेल्या रविवारी काय केलंस? त्याच्या आधी?"

"तुमची तोंडं बघितली."

ताईने साडीच्या पदराला बोटाभोवती पीळ दिला. शाळेत वर्ग आवरेनासा झाला की ती असंच करायची.

"उद्याची भीती वाटतेय हिला," ती डॉक्टरांना म्हणाली. बहिणीकडे न बघता. "पक्की नोकरी सोडायची म्हणजे पोटात गोळा येतोच. मला नव्हता आला?"

"लग्नाच्या आदल्या दिवशी मला चालताच येईना," शिंपीकाका म्हणाले. "बापाने दोन शब्द सुनावले, लगेच पाय सुटले."

"काका, हे तसं नाहीये."

"सगळे हेच म्हणतात."

डॉक्टरांनी हात वर केला. "भांडताय कशाला? डोळे बांधून बघू. तोंडं दिसायला नकोत. कळेल काय ते."

तिला पहिल्यांदाच मोकळं वाटलं. हे तिला कळत होतं. प्रयोगशाळेत रोज ती हेच करायची. "सगळ्यांची घ्या," ती म्हणाली. "माझ्या एकटीच्या आकड्याला काही अर्थ नाही. तुलनेला कोणीतरी पाहिजे. आणि चहा निम्म्या ताकदीचा करा, सगळे सारखेच कोमट होऊ द्या."

"बघा, कशी चोख बोलतेय," काका म्हणाले. "आणि म्हणे नाक गेलं."

डॉक्टर आत जाऊन नवे सहा कप भरून घेऊन आले. आलं, पुदिना, लिंबू, दालचिनी, गुलाब आणि व्हॅनिला, अशी सहा नावं त्यांनी आधीच सांगितली; कुठल्या कपात काय, तेवढंच ओळखायचं. बरोबर उत्तराला कापसाची एक गुंडाळी ताटलीत टाकायची, असं त्यांनी ठरवलं. कापूस पडल्याचा आवाज होत नाही. आधी शिंपीकाका खुर्चीत बसले. गालात कायम धरलेली लवंग डॉक्टरांनी त्यांना काढायला लावली. मग ताई बसली. ताटल्यांवर रुमाल झाकले गेले.

तिची पाळी आली तेव्हा खुर्ची अजून गरम होती. डॉक्टरांनी पायाने खटका दाबून ती मागे कलती केली आणि डोळ्यांवर टॉवेल बांधला. खुर्चीचे दोन्ही हात खाली ओढल्यावर तिचे कोपर अंगाशी चिकटले. डोक्यावरचा दिवा बंद होता, तरी कपाळाला तो जवळ आल्यासारखा वाटत होता.

"आ करा," डॉक्टर सवयीने म्हणाले.

पहिला चमचा. जीभ चुरचुरली. काय म्हणावं? मुद्दाम चुकणं सोपं होतं. पण खोट्याचा कंटाळा आला म्हणून तर ती आज बोलली होती.

"आलं," ती म्हणाली. "पण हा वास नाही, डॉक्टर. नुसतं चुरचुरतंय. हे जिभेला—"

"कारणं नंतर. आधी उत्तरं."

दुसरा चमचा. कोमट, किंचित कडू पाणी. ती थांबली. तिने टॉवेलच्या आत डोळे उघडले. तिथे काहीच नव्हतं.

"माहीत नाही."

"ते चालत नाही."

"खरंच माहीत नाही."

"मग बोट दाखव कुठेही. नियम तो नियम."

"व्हॅनिला."

तिसऱ्याने जीभ गार केली. तिने पुदिना म्हटलं, आणि उजवीकडून कोणाचातरी सुटलेला श्वास ऐकू आला. ताईचाच होता.

"ताई, हा नुसता गारवा आहे, ऐक ना—"

"तू हलू नकोस, सांडेल," ताई म्हणाली. तिने बहिणीच्या मनगटावर हात ठेवला होता.

मग लिंबू. मग पुन्हा ते कडू पाणी. त्याला तिने उरलेलं नाव दिलं, गुलाब. मग टाळू कोरडी झाली.

"दालचिनी."

कप उलटे होत गेल्याचे आवाज आले. टॉवेल कोणी सोडला नाही, आणि तिच्या मनगटावरचा हात तिथेच होता. आता जरा घट्ट.

डॉक्टरांनी तिन्ही ताटल्यांवरचे रुमाल काढले आणि कापसाच्या गुंडाळ्या मोजल्या.

"शिंपीकाका, सहापैकी दोन," ते म्हणाले. "ताई, सहापैकी तीन. नाकाबाई, सहापैकी चार."