हजेरीपटावर नसलेली उम्म तैसीर

अम्मानच्या एका इस्पितळात ‘सर्वांत मायाळू कर्मचारी’ निवडायला रुग्णांनी एकसष्ट चिठ्ठ्या टाकल्या. चोपन्नांवर सेविका उम्म तैसीरचं नाव होतं. सभागृहातल्या समारंभात मानचिन्ह मात्र मिळालं चार चिठ्ठ्या मिळालेल्या मुख्य परिचारिकेला.

हजला जाऊन आलेल्या म्हाताऱ्या रुग्ण हज्जा वदहाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “मला घास भरवणाऱ्या उम्म तैसीरचं नाव कुठं गेलं?”

“या नावाचं हजेरीपटावर कुणीच नाही, हज्जा,” संचालक म्हणाले.

“शहाण्या, उम्म म्हणजे आई; बाईला थोरल्या लेकाच्या नावानं हाक मारतात. तुझ्या आईला शेजारी काय म्हणतात?”

“उम्म मुनीफ.”

“मग तुझ्या हजेरीपटावर तुझी आईसुद्धा सापडायची नाही!”

सभागृह हसलं. संचालकांनी घाईघाईनं मागं उभ्या असलेल्या उम्म तैसीरला तिचं नाव विचारलं.

“अकरा वर्षं राबवून घेतलीस,” हज्जा कडाडली, “आणि नाव आज विचारतोस?”