जिवाणू शिजवणारा कुकर

मित्रांनो, नांदेडच्या एका कॉलेजात, जिवाणूंच्या प्रयोगशाळेत, टेबलाखाली जो पोचे पडलेला मोठा प्रेशर कुकर दिसतो, तो मी. जुना आहे, पण अजून कामाचा आहे.

मला नांदेडच्या हाजराबींनी स्वयंपाकासाठी आणलं. घरात माणसं पुष्कळ, त्यामुळे शेगडीवरून उतरायला मला सवड नसे. त्यांची लेक नाजिया लातूरला सूक्ष्मजीवशास्त्र शिकत होती. किल्लारीकडे भूकंप झाला, त्या वर्षी ती घाईघाईनं घरी आली आणि म्हणाली, "अम्मी, मोठा कुकर दे. छावणीतलं पाणी तपासायचंय."

"कुकरात पाणी तपासतात व्हय?" हाजराबी हसल्या. पण तिथं लेकरं आजारी आहेत हे ऐकताच त्यांनी मला लखलखीत घासलं आणि फडक्यात बांधून दिलं.

छावणीत पत्र्याच्या शेडांमध्ये घरं गमावलेली माणसं राहत होती. मुलांना जुलाब लागले होते. नाजिया काचेच्या नळ्यांत जिवाणूंचं खाणं भरायची आणि त्या माझ्यात ठेवायची. माझ्या कोंडलेल्या वाफेत आधीचा एकही जिवाणू उरायचा नाही. मग त्या स्वच्छ नळीत ती विहिरीचं पाणी सोडायची. पाणी दूषित असलं, तर एकदोन दिवसांत नळी गढूळ होऊन आत बुडबुडा धरायचा.

छावणीतल्या विहिरीच्या नळीत बुडबुडा धरला.

शेषेराव नावाच्या वयस्कर शेतकऱ्याला ते पटेना. त्यांचं सगळं घर ढिगाऱ्याखाली गेलं होतं. मागे एक नात तेवढी राहिली होती. "पोरी, घर गेलं, दार गेलं, ही हीर तेवढी राहिली," ते म्हणाले. "तिलाबी नावं ठेवतीस?"

नाजियानं वाद घातला नाही. उकळलेल्या पाण्याची एक आणि विहिरीच्या पाण्याची एक, अशा दोन नळ्या तिनं त्यांना दाखवल्या. शेषेरावांनी दोन्ही नळ्या उन्हात धरून निरखल्या.

"हे गढूळ झालंय, ते जितं हाय?"

"हाव, काका. संडासाचे खड्डे हिरीला लई जवळ खांदलेत."

त्यांनी निजलेल्या नातीकडे पाहिलं. मग उठले, बोरीच्या काट्या ओढत आणल्या आणि विहिरीच्या तोंडावर टाकल्या. लोक टँकरचं पाणी उकळून पिऊ लागले. हळूहळू लेकरं बाहेर खेळताना दिसू लागली. मी फुगून गेलो. मला वाटलं, जिवाणू म्हणजे शत्रू आणि आपण शूर.

पुढे नाजिया नांदेडच्या कॉलेजात प्राध्यापक झाली आणि मलाही घेऊन आली. ती कधी गोदावरीचा गाळ आणी, कधी भोकरच्या शेतातली माती. चिमूटभर मातीत एवढी वस्ती कशी, याचंच तिला नवल. मग माझंच काम करणारं, विजेवर चालणारं चकचकीत यंत्र आलं आणि मी टेबलाखाली गेलो. कित्येक वर्षं माझ्यावर धूळ साचली. ते यंत्र बिघडलं, तेव्हा कुठे माझी आठवण झाली.

तोवर नांदेडात गल्लोगल्ली क्लासेस उघडले होते. नाजियाबाईंच्या घरी वरच्या खोलीत लोह्याची तनुजा भाड्यानं राहायची. डॉक्टर व्हायचं म्हणून रात्रंदिवस अभ्यास, मेसचं जेवण, आणि जरा सर्दी झाली की मैत्रिणींकडच्या उरल्यासुरल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या. एक दिवस ती बॅग भरूनच खाली आली.

"मॅडम, मी क्लास सोडून राहिले. पोटच थाऱ्यावर न्हाई. पेपरात मधीच उठावं लागतंय."

बाईंनी आधी तिला डॉक्टरांकडे नेलं. त्या गोळ्यांनी पोटातले कामाचे जिवाणूही मरतात, असं सांगून त्यांनी मनानं घेतलेल्या गोळ्या बंद करायला लावल्या. बाई तेव्हा माणसाच्या आतड्यातल्या जिवाणूंवर संशोधन करत होत्या. त्यांनी तनुजाच्या हाती एक डबी ठेवली.

"नमुना दे. तुझी हरकत नसली तर."

"त्याचा? आन् तुमी बघणार?"

"माझं कामच हाय ते."

तनुजा लाजून पळाली. दुसऱ्या दिवशी डबी वर्तमानपत्रात आणि दोन पिशव्यांत गुंडाळून आली.

बाईंनी तो काचेच्या बशीत जिवाणूंच्या खाण्यावर पसरला, तर त्या पहिल्या बशीत एकाच जातीचा थर उगवला, बाकीच्या जाती दिसेनात. बाईंनी तिला जाऊ दिलं नाही, बॅग पुन्हा वर गेली. मेसऐवजी बाईंच्या घरची भाकरी, डाळ, ताक सुरू झालं. काही महिन्यांनी पुन्हा नमुना आला. या वेळी बशीत पांढरे, पिवळे, टाचणीच्या डोक्याएवढे, खडबडीत कडांचे, नाना तऱ्हेचे ठिपके उगवले.

"भाकरीनंच झालं का हे?" तनुजानं विचारलं.

"एका पोटावरून कसं सांगू? अजून पुष्कळ पोटं बघावी लागतील."

त्या वर्षी परीक्षेत तनुजा एकदाही मध्येच उठली नाही. पेपर झाल्यावर ती थेट प्रयोगशाळेत आली. बाई तिची बशी माझ्यात ठेवत होत्या.

"मॅडम, ह्यायला मारायचं?"

"बाहेर टाकायच्या आधी मारावंच लागतं. पर तुझ्या पोटात त्यांचं घरदार हाय की."

तनुजानं बशी माझ्यातून काढून घेतली, डोळ्याजवळ नेली. "ह्यातलं कोण काय काम करतं?"

"ते मलाबी अजून सगळं ठाऊक न्हाई," बाई म्हणाल्या आणि दोघी खाली वाकून ठिपके बघू लागल्या. खाली गॅस पेटलेला होता. मित्रांनो, त्या दिवशी मला वाफ धरायची मुळीच घाई नव्हती.

पाणी उकळून प्या. पण डॉक्टरांना न विचारता गोळी गिळू नका. पोटात कोण कोण नांदतंय, ते मला नाही माहीत आणि तुम्हालाही नाही. आणि कधी इकडे आलात, तर माझी रबरी रिंग बदला म्हणून बाईंना सांगा. अजून पुष्कळ पोटं बघायची आहेत.