मागून येणारा आवाज

शनिवारी भरदुपारी चष्मेवाल्यांनी दुकानाचं शटर अर्धं ओढलं, आत रेंगाळणाऱ्या शेवटच्या गिऱ्हाइकाला "तुम्हाला दोन्ही फ्रेमा शोभतात, दोन्ही घ्या, नाहीतर सोमवारी या" म्हणून वाटेला लावलं, आणि उरलेलं शटर असं दाणकन खाली आणलं की समोरचा फळवाला दचकला.

"काय शेठ, आग लागली का?"

"लागली! आज रिसिव्हर घ्यायचाय."

फळवाल्याने कपाळाला हात लावला. रिसिव्हर म्हणजे काय, हे गेला महिनाभर साऱ्या गल्लीला पाठ झालं होतं. नंबर तपासायला आलेल्या माणसाच्या नाकावर भिंगं चढवून चष्मेवाले सांगत सुटत, "सिनेमाचा आवाज एकगठ्ठा येतो बघा. रिसिव्हर त्याची वाटणी करतो. बोलणं मधल्या स्पीकरला, गाणंबजावणं दोन्ही बाजूंच्यांना, आणि पाठीमागे जे घडतं ते मागच्या दोघांना. घरातल्या आईसारखं; कुणाच्या ताटात काय वाढायचं ते तिलाच ठाऊक. हं, आता खालची ओळ वाचा." आणि तो बिचारा खालची ओळ वाचता वाचता स्पीकर मोजत बसे.

या वेडाच्या मुळाशी होता एक कान. त्यांच्या बायकोचा, डावा.

त्यांची बायको घरातच पाळणाघर चालवायची. मुलं तिला मावशी म्हणत, म्हणून अख्खी गल्लीही मावशीच म्हणे. वर्षापूर्वी ताप आला, तो गेला आणि जाताना डावा कान घेऊन गेला. मुलांनी डावीकडून हाक मारली की मावशी उजवीकडे बघायची. पोरांनी त्याचाही खेळ करून टाकला, आणि पोरांबरोबर मावशीही हसली. ती कशालाही हसायची. रडणाऱ्या पोराला मांडीवर घेऊन ओवीसारख्या दोन ओळी जागच्या जागी जुळवायची आणि झोपवून टाकायची. मात्र सिनेमाचं नाव काढलं की तिचं हसू मावळायचं.

लग्नाआधी ही दोघं पहिल्यांदा शेजारी बसली ती सिनेमाच्या अंधारात, आणि तेव्हापासून एक रविवार चुकला नव्हता. आता थिएटरात सगळा कल्लोळ एकाच बाजूने तिच्या अंगावर कोसळायचा. "भिंतीला दाबून धरून कुणी कानात ओरडावं ना, तसं होतं," असं म्हणून ती एकदा मध्यंतरात उठली ती परत गेली नाही. "तुम्ही जा एकटे," म्हणाली. चष्मेवाले एकदा गेलेही. शेजारच्या खुर्चीत कुणाची तरी पिशवी बसली होती. अर्ध्यातून घरी आले.

मग त्यांनी हा रिसिव्हरचा ध्यास घेतला. घरात आवाज हवा तसा वाटून घेता आला तर? मावशीने बरेच दिवस ऐकून घेतलं आणि एके सकाळी मुलांची दुपटी वाळत घालता घालता निकाल दिला.

"सोफ्यासाठी पैसे बाजूला टाकलेत ना, तेवढ्यातच बसवायचं. मी तुमच्याबरोबर त्या रिसिव्हरच्या दुकानात येणार. पूर्वी कसं मागून कुणी आलं की अंगावर काटा यायचा, मान वळायची? तसं मला झालं, तर घ्या तुमचं खोकं. नाही झालं, तर सोफा. आणि मग या घरात सिनेमाचा विषय बंद."

"बंद म्हणजे?"

"म्हणजे बंद. मला रोज आशा लावून घ्यायची नाही हो."

म्हणून चष्मेवाल्यांचे पाय आज जमिनीवर ठरत नव्हते.

रिसिव्हर विकणाऱ्या दुकानाच्या आतल्या खोलीत काळीभोर रिसिव्हर मंडळी फळीवर ओळीने बसली होती, निळे-हिरवे दिवे लुकलुकवत. काउंटरवरच्या ताईंनी दोघांना मधल्या कोचावर बसवलं. चष्मेवाल्यांनी सोफ्याचा आकडा सांगितला. ताईंनी नाक मुरडलं नाही, पण सवयीने हात आधी थोरल्याकडेच गेला.

"हा बघा काका, नऊ स्पीकरांचा. छतातूनसुद्धा आवाज येतो."

"छतातून आमच्याकडे वरच्यांच्या नळाची गळती येते तेवढी पुरे," मावशी म्हणाली, आणि लगेच पाळणाघरातल्या सुरात गुणगुणली,

"नऊ तोंडांचा पाहुणा, बसायाला कुठं जागा,
घरी माणसं ती दोन, आधी तयांकडं बघा."

ताई खळखळून हसल्या. "बरं, मग हे दोन. हा धाकटा, सगळ्यांत स्वस्त, स्पीकर सोबतच येतात. आणि हा मधला, पाच स्पीकरांचा. तुमच्या आकड्यात दोन्ही बसतात, मधला जरा ओढूनताणून." त्यांनी पडद्यावर नमुना लावला. एक हेलिकॉप्टर डावीकडून उजवीकडे घोंघावत गेलं. चष्मेवाल्यांची मान त्याच्याबरोबर या टोकापासून त्या टोकाला फिरली, तोंड उघडंच राहिलं.

"आहाहा! गेलं की गं डोक्यावरून! कळलं?"

मावशीने प्रामाणिकपणे विचार केला. "पंखा लावलाय असं वाटलं."

धाकट्यावर लावलं. पंखा. मधल्यावर लावलं. पंखाच, जरा मोठा. मोटारींची शर्यत लावली, चेंडू उडवला. सगळं तिच्या उजव्या कानाशी येऊन एकच गोधडी होऊन पडत होतं.

"सोफाच घेऊ," ती हळूच म्हणाली आणि पदर सावरून उठू लागली. "उगाच ताईंचा वेळ..."

"थांब, थांब! एकच मिनिट!" चष्मेवाल्यांनी खिशातून भिंगं पुसायचा कापूस काढला, त्याचा बोळा करून स्वतःच्या डाव्या कानात गच्च कोंबला, वरून तळहात दाबला. "ताई, लावा परत ते हेलिकॉप्टर."

लागलं. घोंघावलं. पण गेलं कुठेच नाही, जागच्या जागी फडफडत राहिलं. चष्मेवाल्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. वर्षभर जिच्याशेजारी ते जेवत होते, झोपत होते, ती हे असं ऐकत होती! "पंखाच आहे गं," ते पुटपुटले. मावशीने त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू परक्या गावात कुणी आपल्या माहेरचं भेटावं.

ताईंना मात्र आता चेव चढला होता. "डावं-उजवं कळायला दोन कान लागतात काका, त्याला माझा इलाज नाही. थांबा, दुसरं काहीतरी लावते." त्यांनी लहान मुलांचा एक सिनेमा लावला, घरात लपाछपी चालली होती. मधल्या रिसिव्हरच्या पाठीत हात घालून त्या वायरी बदलू लागल्या. पुढचे तिन्ही स्पीकर गप्प पडले. पडद्यावर रिकामा जिना, आणि त्याच क्षणी मागच्या उजव्या स्पीकरमधून एक पोर दबकं खुदकन हसलं.

मावशीने गर्रकन मान वळवली. "ए, कठड्यावर चढू नकोस! पडशील!"

मागे कुणीच नव्हतं. होती ती काळी पेटी, तिच्यातून पोर अजून खिदळत होतं.

"अगं..." चष्मेवाले कोचावरून अर्धवट उठले.

"मागे होतं ते!" मावशीचा हात छातीवर. "मला मागे कळलं! अहो, मागे!"

"परत लावा! ताई, परत!"

ताई लहान मुलीसारख्या टाळी वाजवून रिसिव्हरकडे पळाल्या. पुन्हा लावलं. मावशीने डोळे मिटले. "मागे." पुढचं लावलं. "पुढे." चष्मेवाल्यांनी खुणेनेच फसवायला सांगितलं, ताईंनी लागोपाठ दोनदा पुढचंच वाजवलं. "पुढे. आणि पुढेच. मला पाळणाघरातली समजता का?" डावं-उजवं तिला एकदाही ओळखता आलं नाही, पण पुढचं-मागचं तिने क्वचितच चुकवलं. पाळीच्या वळणांवरून एकट्या कानालाही एवढं उमगतं, हे तिघांनाही ठाऊक नव्हतं. तिघंही एकदमच बोलत होती आणि कुणी कुणाचं ऐकत नव्हतं.

आता निवड सोपी झाली. धाकट्याच्या पेटीत मागचं वाढवावं तर पुढचंही बरोबर चढायचं, सगळ्यांची चावी एकच. मधल्यात पाचही स्पीकरांचा आवाज वेगवेगळा कमीजास्त करता येत होता.

"हा," मावशीने मधल्यावर थाप मारली. "हा माझा."

घरी खोकं जिन्यावरून चढवताना एक टोक शेजारच्या पोस्टमननी धरलं. "लावलंत की मला सांगा, ऐकायला येतो," असं बजावून ते आपल्या दारात शिरले. चष्मेवाल्यांना पाणी प्यायचीही फुरसत नव्हती. वायरी दाराच्या चौकटीवरून, कपाटाच्या मागून, मुलांच्या खेळण्यांच्या टोपलीखालून गेल्या. खोक्यात भुंग्याएवढा एक माइक निघाला. तो बसायच्या जागी ठेवायचा, सगळ्यांनी गप्प राहायचं, आणि रिसिव्हर आपणच आवाज काढून खोलीचा अंदाज घेणार. दोघं तोंडावर हात ठेवून भिंतीशी उभी राहिली. एकेका स्पीकरमधून फुस्स, फुस्स झालं. शेवटी टीव्हीच्या पडद्यावर अक्षरं आली: सर्व ठीक.

दिवे मालवले. तोच लपाछपीचा सिनेमा, तोच जिना. चष्मेवाले पडद्याकडे न बघता बायकोच्या मानेकडे बघत होते.

पोर हसलं. मान हलली नाही.

"लागलं का ते?" तिने विचारलं.

"लागून गेलं."

ती मांडीवरचे हात एकमेकांत घट्ट धरून बसली. दुकानातलं ते सुख दुकानातच राहिलं की काय? चष्मेवाल्यांनी उठून रिसिव्हरचे आकडे पाहिले. यंत्राने मागच्या स्पीकरांचा आवाज खाली आणला होता. खोली लहान, स्पीकर जवळ, म्हणून. दोन धड कानांच्या माणसासाठी अगदी रास्त.

आणि एकदम त्यांना हसू फुटलं.

"अगं, मी गाढव आहे! माझ्या दुकानातसुद्धा यंत्र आहे की. डोळ्यात बघतं आणि नंबर छापून देतं. पण त्या नंबरावर मी कधी चष्मा बनवलाय? माणसाला खुर्चीत बसवावं लागतं, भिंग बदलत विचारावं लागतं. यंत्राने खोलीला विचारलं. तुला कुठे विचारलं?"

त्यांनी खुर्ची ओढून मावशीला बसवलं, अगदी दुकानात बसवतात तसं, पाठ ताठ, नजर समोर. मागचा उजवा स्पीकर जमिनीवरून उचलून कपाटाच्या फळीवर, तिच्या कानाच्या उंचीला आणला. मग बटण एक घर चढवलं.

"हे बरं, की हे?"

"पहिलं."

"आता? हे, की हे?"

"दुसरं. नाही, थांबा. पुन्हा दाखवा... दुसरंच."

"हे, की हे?"

"अहो, दोन्ही सारखंच, फसवू नका!"

"शाबास. आता मधला स्पीकर. बोलणं स्पष्ट येतंय?"

"येतंय, पण पुढचा गोंगाट जरा दाबा. हं. अजून. हां, तिथेच! हात लावू नका आता!"

पोर हसलं, आणि मावशीची मान अशी वळली, जशी कणसावर बसलेली चिमणी वळवते. एकदा वळली, आणि मग तिने रिमोट हिसकावून घेऊन तीच जागा मागे नेली, पुन्हा वळली, पुन्हा मागे नेली. प्रत्येक वेळी ठाऊक असूनही तिला काटा येत होता. हात पुढे करून ती नवऱ्याला दाखवत होती, "बघा, बघा, उभे राहिलेत केस!" आणि मग ओठांवर आपसूक आलं,

"पुढं बोले जग, पाठी हसे कोण,
भरली गं ओंजळ, कानाची त्या एका."

"जुळलं नाही," चष्मेवाले म्हणाले.

"नाही जुळलं तर नाही जुळलं! आज कुणाला पडलीय? मोठा सिनेमा लावा. वादळाचा, भुताचा, कसलाही लावा. वर्षाची उधारी आहे माझी."

त्यांनी वादळातल्या एका वाड्याचा सिनेमा लावला. वारा पुढून येऊन पाठीमागे निघून जाऊ लागला, कुठेतरी मागे फळ्या करकरल्या. मावशी पाय वर घेऊन नवऱ्याला खेटून बसली, उजवा कान मोकळा राहील अशी. मध्यंतराची वेळ टळून गेली तरी ती उठली नाही.

नायिका दिवा हातात घेऊन जिना चढू लागली, तेव्हा दारावर थाप पडली.

चष्मेवाल्यांना कळलं, ही थाप डावीकडून, दाराच्या बाजूने आली, म्हणजे आपल्याच दारावर. शेजारचे पोस्टमन आले असणार. ते उठायला गेले, तर मावशीने मनगट पकडून खाली ओढलं.

"बसा हो! तिला उघडू दे ना दार."

पुन्हा थाप पडली, जरा जोरात. मावशीने नवऱ्याच्या दंडात नखं रुतवली, डोळे पडद्यावर, श्वास रोखलेला. चष्मेवाल्यांनी दाराकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, आणि पुन्हा टेकून बसले.

"अहो, घरात आहे का कुणी?" बाहेरून पोस्टमन ओरडले.

"बाई, बाई," मावशी कुजबुजली, "काय खरं वाटतं हो!"